हाताची नोंद

शेवटचा पूर्णविराम देऊन तिने कीबोर्डवरून हात उचलले आणि हिरवी खूण उमटायची वाट पाहिली. उमटली ती लाल. तिच्याखाली दोन-तीन ओळी होत्या: ‘ही व्यक्ती आमच्याकडे वेगळ्या नावाने आधीच नोंदलेली आहे. आपला प्रवेश तूर्त रोखण्यात येत आहे. ओळखपत्रासह नोंदणी कक्षात प्रत्यक्ष भेटावे.’

तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तिला हसूच फुटलं. चांगलं खदखदून हसली ती, एकटीच, जेवणाच्या टेबलाशी बसून.

“काय गं, झाला का प्रवेश?” नवऱ्याने आतून विचारलं. तो आरशासमोर दाढी करत होता.

“झालाय की,” ती म्हणाली. “मागेच झालाय. तुमच्या नावाने.”

तो अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आला, तिच्या खांद्यावरून वाकून त्याने स्क्रीन वाचली, आणि दुसऱ्या अर्ध्या गालाचा रंगही साबणासारखाच झाला.

गोष्ट अशी होती. नवरा एका कंपनीत कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळायचा. कंपनीत सुरक्षा विभाग निघायचा होता आणि ज्याच्याकडे संगणक सुरक्षेची पदवी असेल त्याला प्रमुखाची खुर्ची मिळणार होती. म्हणून त्याने घरबसल्या शिकवणाऱ्या विद्यापीठात नाव घातलं. कॅमेऱ्यासमोर बसून परीक्षा द्यायला विद्यार्थ्यांनी ठाम नकार दिलेला, म्हणून त्या विद्यापीठाने भलतीच युक्ती काढली होती. प्रत्येक माणूस टाइप करताना आपल्या चालीने करतो. कुठली कळ कुठल्या बोटाने किती वेळ दाबून ठेवतो, कुठे अडखळतो, कुठे सुसाट सुटतो, ही चाल म्हणे चालण्यासारखीच असते, सहसा बदलत नाही. प्रवेश घेताना दिलेला परिच्छेद टाइप करायचा, यंत्र त्या हाताची नोंद ठेवणार, आणि पुढे प्रत्येक उत्तर त्याच हाताचं आहे ना ते पडताळून घेणार.

नोंदणीच्या संध्याकाळी नवऱ्याला ऑफिसातून फोनवर फोन येत होते. लॅपटॉप उघडा, परिच्छेद समोर, आणि हा कानाला फोन लावून गॅलरीत येरझाऱ्या घालतोय. फोनवर हात ठेवून तो तिला म्हणाला होता, “अगं, तेवढं टाइप करून टाक ना. तुझा हात चालतो.”

चालतो म्हणजे काय, पळतोच. लग्नाआधी ती एका इस्पितळात डॉक्टरांचं बोलणं ऐकून ते टाइप करायची. डॉक्टर तोंडात घास असल्यासारखे बोलत आणि ती त्यांच्या पुढे धावे. लहानपणी उजवा अंगठा दारात चेमटला होता, म्हणून दोन शब्दांमधली जागा सोडायची ती डाव्या अंगठ्याने. आणि प्रत्येक पूर्णविरामाआधी एक क्षण थांबायची, डॉक्टर पुढे काही म्हणतायत का ते ऐकायला. डॉक्टर गेले, इस्पितळ सुटलं, तरी ते थांबणं राहिलंच. तर असा तो परिच्छेद तिने गडबडीत टाइप करून टाकला, आणि यंत्राने लिहून घेतलं: हा हात नवऱ्याचा.

पुढच्या आठवड्यात नवरा स्वतः पहिला धडा सोडवायला बसला आणि यंत्राने त्याला दारातच अडवलं. हा माणूस तो नाही, म्हणालं. त्याने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. स्वतःच्या नावासमोर तो तोतया ठरला होता.

“विद्यापीठाला कळवा ना,” ती म्हणाली होती. “चूक झाली, नोंद पुन्हा घ्या म्हणावं.”

“आणि सांगू काय? पहिल्याच दिवशी बायकोला बसवलं म्हणून?” तो म्हणाला होता. “हाकलून देतील. आता तूच कर बाई. मी सांगत जाईन, तू टाइप कर.”

त्याचं सांगणं पंधरवडाभर टिकलं. मग त्याच्या कामाचा ताण वाढला, मग त्याची पाठ धरली, मग तो सोफ्यावर आडवा पडून “तूच वाच आणि लिही काय ते” म्हणू लागला. त्याला फार वाईट वाटत होतं असं काही दिसलं नाही.

आणि तिला? तिला ते आवडलं. हीच तर सगळी पंचाईत. दुपारी घर शांत झालं की ती टेबलाशी बसायची आणि तिला उठवायचं नाही. माणूस तोच आहे हे सिद्ध कसं करायचं, एवढ्या एका प्रश्नावर जगातली किती डोकी झिजली आहेत हे वाचून ती हरखून जायची. त्याला माहीत असलेली गोष्ट विचारायची, म्हणजे पासवर्ड. त्याच्याजवळची वस्तू मागायची, म्हणजे कार्ड. नाहीतर तो स्वतःच तपासायचा, बोटाचा ठसा, डोळा, आवाज, चाल. ओळख पटणं वेगळं आणि आत यायची परवानगी मिळणं वेगळं. हे सगळं ती पोळपाटाशी उभी राहूनही स्वतःशी बडबडायची.

तोंडी परीक्षा तेवढी नवऱ्याला स्वतः द्यावी लागणार होती, स्क्रीनसमोर बसून. तिने त्याला महिनाभर घोटवलं.

“पासवर्ड आणि आवाज यात फरक काय, विचारलं तर?”

“तुझ्या नोट्समध्ये होतं ते... काय होतं?”

“अहो, तुमच्या आईंना फोन केल्यावर त्या पासवर्ड विचारतात का? ‘आई’ म्हटलं की ओळखतात. सर्दी झाली असेल तर ‘कोण बोलतंय’ विचारतात. बस, हेच जरा जड शब्दांत सांगायचं.”

त्याने जड शब्दांत सांगितलं आणि तो पास झाला. नुसता पास नाही, पहिल्या वर्गात. पुढच्याच महिन्यात त्याला खुर्ची मिळाली. सासूबाई फोनवर जो भेटेल त्याला सांगायच्या, “नोकरी सांभाळून शिकला हो माझा मुलगा, डोळ्यांची काडवात केली त्याने.” ती शेजारी बसून भाजी निवडत असायची. काडवात झालेल्या डोळ्यांना नवीन चष्मा लागला होता, तो कुणाच्या नाकावर आहे हे सासूबाईंना दिसत नव्हतं असं थोडंच होतं. पण आईचं मन.

नवऱ्याने तिला कबूल केलं होतं: माझं झालं की तुझं नाव घालू, तुझ्या स्वतःच्या नावाने शीक. आणि तिने त्या शब्दावर दोन वर्षं काढली होती. आज सकाळी तिने स्वतःचं नाव, स्वतःचा फोटो, स्वतःची जन्मतारीख भरली आणि स्वतःच्या हाताने तो परिच्छेद टाइप केला. तिचं काही म्हणजे काही चुकलं नव्हतं.

“हे प्रकरण इथेच सोड,” नवरा तोंड पुसत म्हणाला. “प्रवेशच घेऊ नकोस. गेलोच नाही तर कोण विचारतंय?”

“मी जाणार.”

“अगं, पदवी काढून घेतील माझी. खुर्ची जाईल. ऑफिसात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. कळतंय का तुला?”

“मला कळतंय. मीच लिहिलंय ते सगळं. शिक्षा काय होते तेसुद्धा मीच लिहिलंय, दुसऱ्या सत्रात.”

“मग?”

“मग काय? मला शिकायचंय.”

त्याने टॉवेलची घडी घातली, पुन्हा मोडली. मग म्हणाला, “मीही येतो.”

नोंदणी कक्ष म्हणजे एका लांब इमारतीतली शेवटची खोली. भिंतीला लोखंडी कपाटं, खिडकीत एक वाळलेलं रोप, आणि टेबलामागे एक तरुण अधिकारी बाई, केस वर बांधलेले, समोर दोन स्क्रीन. तिने दोघांना बसायला सांगितलं, ओळखपत्र पाहिलं, बटणं दाबली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. मग ती आठी गेली आणि तिच्या जागी एक समजूतदार हसू आलं.

“ताई,” अधिकारी बाई म्हणाली, “रागावू नका, पण खरं सांगा. परिच्छेद टाइप करायला मिस्टर बसले होते ना?”

शेजारच्या खुर्चीचा पाय फरशीवर कुरकुरला.

“हे बघा ना, नोंद तंतोतंत यांच्याशी जुळतेय. डाव्या अंगठ्याने जागा सोडणं, पूर्णविरामाआधी थांबणं, सगळं यांचंच. यात लपण्यासारखं काही राहतच नाही.” ती नवऱ्याकडे वळली. “तुम्ही तर आमचेच विद्यार्थी. तुम्हाला तरी कळायला हवं होतं सर.”

नवऱ्याने घसा खाकरला. “हो... म्हणजे, तिचा हात जरा... सवय नाही तिला. म्हणून म्हटलं, आपणच करून टाकू.”

असं म्हणाला तो. हिच्यासमोर, हिच्या शेजारच्या खुर्चीत बसून. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, पण तो वाळलेल्या रोपाकडे बघत होता.

“तेच तर चुकतं,” अधिकारी बाई म्हणाली. तिला आता जोर चढला. “इथे रोज येतात अशा बायका. प्रवेश यांच्या नावाचा आणि पहिल्या दिवसापासून कीबोर्ड नवऱ्याकडे. मी प्रत्येकीला सांगते, ताई, चुकलं तरी चालेल, हळू झालं तरी चालेल, पण स्वतः करा. नाहीतर शिकून उपयोग काय?”

“खरंय तुमचं,” ती म्हणाली.

“आणि एवढे हुशार मिस्टर घरात आहेत तुमच्या! सर, तुमचा तो निबंध आम्ही नवीन मुलांना पहिल्याच आठवड्यात वाचायला देतो, माहितीये? नोंदणीवरचा. काय वाक्य होतं त्यात... यंत्र माणसाला ओळखत नाही, जो हात आधी आला त्याला ओळखतं. नोंदणीच्या वेळी खुर्चीत कोण बसलंय, हे ज्याने पाहिलं नाही त्याने पुढची सगळी कुलपं फुकट घातली. असंच ना?”

“असंच काहीतरी,” नवरा म्हणाला.

असंच नव्हतं. ‘फुकट’ नव्हतं तिथे, ‘उगाच’ होतं. त्या एका शब्दावर तिची अख्खी दुपार गेली होती, चहा निवून गेला होता. तो निबंध लिहिताना तिला आपल्याच घरातली ती संध्याकाळ आठवत होती, गॅलरीतल्या येरझाऱ्या आठवत होत्या, आणि एवढी गंमत वाटली होती की तिने तो नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला होता. तो वर्तमानपत्र चाळत “छान, छान” म्हणाला होता.

अधिकारी बाईने दुसरा कीबोर्ड तिच्या पुढ्यात सरकवला. “चला, तुमच्या नावाची ही चुकलेली नोंद मी काढून टाकते. आता माझ्यासमोर तुम्ही स्वतः टाइप करा. सर, तुम्ही जरा तिकडे दाराशी बसा. तुमचे हात मला दिसले पाहिजेत हं.”

ती आपल्या विनोदावर हसली. नवराही हसला आणि दाराशी जाऊन बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेतल्या पोरासारखा.

परिच्छेद समोर आला. तोच, दोन वर्षांपूर्वीचा. तिची बोटं आपोआप आपापल्या जागी गेली, दहाच्या दहा, जशी रोज दुपारी जायची. एवढंच करायचं होतं. जशी येते तशी टाइप करायचं. या खोलीत, या बाईच्या डोळ्यांसमोर, आणि लाल अक्षरं पुन्हा उमटली असती. मग त्या बाईने एकदा स्क्रीनकडे, एकदा दाराकडे, गुडघ्यावरच्या त्या हातांकडे पाहिलं असतं, आणि तिला काही सांगावंच लागलं नसतं. तो निबंध कुणाचा, तो पहिला वर्ग कुणाचा, सगळं आपोआप उघडं पडलं असतं.

तिने दाराकडे पाहिलं. नवऱ्याने मान हलवली नाही, हातही हलवले नाहीत. ते त्याला दिसू द्यायचे होते ना. पण त्याच्या ओठांवर घाम आला होता आणि तो पुसायची त्याला सोय नव्हती. तिला त्याची दया आली नाही. खोटं कशाला, राग आला, असा की कानशिलं तापली. त्या रागाच्या आतच हिशेबही चालू होता: घर, त्याची खुर्ची, सासूबाईंचे फोन, आणि हेही की खरं उघडं पडलं तर तोतयेगिरी करणाऱ्या दोघांनाही विद्यापीठ कायमचं बाहेर काढतं. दोघांनाही. तो नियम तिला पाठ होता. तिच्या वाट्याला त्या खऱ्यातूनसुद्धा प्रवेश येणार नव्हता.

“घाबरू नका ताई,” अधिकारी बाई म्हणाली. “सावकाश.”

तिने कीबोर्डवरून एकेक करत नऊ बोटं उचलली आणि डावा हात मांडीवर घेतला. उजव्या हाताचं पहिलं बोट तेवढं कीबोर्डवर राहिलं. पहिलं अक्षर कुठे आहे ते माहीत असूनही तिने ते शोधलं, वरच्या ओळीत, मग मधल्या ओळीत, आणि सापडल्यावर दाबलं. मग दुसरं. जागा सोडायलाही तेच बोट खाली नेलं. पूर्णविरामापाशी ती थांबली नाही, मुद्दाम थांबली नाही, आणि ते सगळ्यात अवघड गेलं.

परिच्छेद संपेपर्यंत अधिकारी बाईने एक फोन घेतला, कपाटातून एक फाइल काढली, परत ठेवली. शेवटी हिरवी खूण उमटली. ‘स्वागत’ असं लिहून आलं आणि त्यापुढे तिचं नाव, पूर्ण, माहेरच्या नावासकट.

“बघा! जमलं की नाही?” अधिकारी बाईला खरोखर आनंद झाला होता. “आता ही तुमची नोंद. फक्त एक लक्षात ठेवा, एकदम वेग बदलला तर यंत्र खातं बंद करतं. मदतीला कुणी बसलं तर लगेच पकडतं. ते मी इथून थांबवू शकत नाही.”

“माहितीये,” ती म्हणाली. मग सावरून म्हणाली, “म्हणजे, वाचलं होतं.”

परीक्षेला वेळ किती आणि प्रश्न किती, हेही तिला माहीत होतं. एका बोटाने निम्मा पेपरही होणार नव्हता. वेग थोडा थोडा वाढवत नेला तर यंत्र चालवून घेईल; पण वाढवत वाढवत ती स्वतःच्या चालीजवळ आली, की पुन्हा लाल अक्षरं. तिला तिच्यासारखं लिहायची आता कधीच सोय नव्हती.

“हळूहळू जमेल तिला,” दाराशी उभं राहत नवरा म्हणाला. “मी घेईन शिकवून.”

“मग काय प्रश्नच नाही,” अधिकारी बाई म्हणाली.

बाहेर रस्त्यावर आल्यावर त्याने मोठा श्वास सोडला. “सुटलो बाबा! काय डोकं चालवलंस गं, मानलं तुला. मला वाटलं आता सगळं संपलं.” त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “शेवटी तुझा प्रवेशही झाला की नाही? तुझंही झालं, माझंही राहिलं.”

ती बसच्या थांब्याकडे चालू लागली. त्याचा हात खांद्यावरून आपोआप खाली आला.

संध्याकाळी जेवायच्या आधी त्याने नेहमीप्रमाणे लॅपटॉप टेबलावर आणून ठेवला आणि शेजारी हाताने खरडलेले चार कागद.

“अगं, एवढा अहवाल टाइप करून दे ना. सकाळी संचालकांसमोर ठेवायचाय. माझ्याने रात्र जाईल त्यात. तुझा हात चालतो.”

तिने हातातलं काम बाजूला ठेवलं, हात पुसले, खुर्ची ओढली आणि बसली. पहिला कागद उभा केला. डावा हात मांडीवर घेतला. उजव्या हाताच्या बोटाने एक अक्षर शोधून दाबलं, मग दुसरं शोधायला लागली.

तो आधी हसला. “पुरे आता. इथे कोण बघतंय?”

ती तिसरं अक्षर शोधत होती.

“अगं, चेष्टा पुरे! असं केलंस तर उजाडेल. दोन्ही हातांनी कर ना नीट.”

“दोन्ही हात तुमच्या नावावर आहेत,” ती म्हणाली. “विद्यापीठात विचारा. माझ्या नावावर हे एवढंच बोट आहे.”

ती चेष्टा करत नव्हती हे त्याला कळायला जरा वेळ लागला. मग त्याने चार कागदांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि तिच्या समोरची खुर्ची ओढून बसला.

तिने चौथं अक्षर दाबलं आणि पाचवं शोधू लागली.